बांध चारही तेवढेच, मग गुंठे कमी कसे?

परभणी-जालन्याकडच्या सपाट काळ्या रानात उभं राहिलं की सगळी वावरं चौकोनी वाटतात. गटाचा नकाशा हातात घेतला की कळतं, नेमकं काटकोनात बसलेलं वावर क्वचितच सापडतं. ओढा वळण घेतो, पाणंद तिरकी निघते. कालवा जमिनीच्या उताराप्रमाणे जातो, कुणाच्या धुऱ्याप्रमाणे जात नाही. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेलेल्या समृद्धीसारखा मोठा रस्ता शिवारातून निघाला की त्याच्या दोन्ही अंगांना तिकोनी तुकडे उरतात. त्या तुकड्यात किती गुंठे, हा प्रश्न मग नांगरटीच्या पैशापासून ठोक्याच्या व्यवहारापर्यंत सगळीकडे आडवा येतो.

आपल्याकडे चालणारा हिशोब साधा आहे. समोरासमोरचे दोन बांध मोजायचे, त्यांची सरासरी काढायची. दुसऱ्या जोडीचीही तशीच काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. चारही कोपरे काटकोनात असतील तर उत्तर बरोबर येतं. कोपरे जरा जरी कलले असतील तर उत्तर नेहमी जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. घेणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं.

एक वावर घ्या. समोरासमोरचे दोन बांध १०० मीटरचे, दुसरे दोन ६० मीटरचे. गुणाकार ६,००० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत ६० आर. आता हेच वावर एका बाजूला कललेलं आहे, कोपऱ्यातला कोन ९० ऐवजी ६० अंशांचा आहे असं समजा. चारही बांध तेवढेच आहेत, टेप लावला तर एक फूटही इकडचा तिकडे होणार नाही. पण आतली जमीन ५,१९६ चौरस मीटर, म्हणजे ५२ आरला किंचित कमी. आठ आर गेले. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. त्या मापाने जवळजवळ आठ गुंठ्यांचा फरक पडला. एकरी ३० किलो सोयाबीन पेरत असाल तर सहा किलो बियाणं जास्त आणलं गेलं. ठोक्याने वावर घेतलं असेल तर आठ गुंठ्यांचे पैसे नसलेल्या जमिनीसाठी मोजले गेले.

ही गोष्ट आपल्याकडच्या गणितज्ञांना फार आधी माहीत होती. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधल्या आपल्या ग्रंथात सरासऱ्यांच्या गुणाकाराला ‘स्थूल’ फळ म्हटलं आहे आणि सूक्ष्म फळाचं सूत्र वेगळं दिलं आहे. भास्कराचार्य इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त आणखी पुढे जातात. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून, लंब किंवा कर्ण न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि त्याला जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच्च, असं त्यांनी चक्क लिहून ठेवलंय. इतकं कडक बोलायला कारण होतं. चार बाजूंनी चौकोन ठरतच नाही, त्याच चार बाजूंचे हवे तेवढे वेगवेगळे चौकोन होतात.

त्रिकोणाचं तसं नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, तो कलत नाही. म्हणून कुठल्याही वेड्यावाकड्या वावराचे आधी त्रिकोण पाडायचे आणि मग त्रिकोण मोजायचे. मोजणीची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

कोन कुठून आला?

त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची भागिले दोन, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये हेच सांगितलं. अडचण सूत्रात नाही, उंचीत आहे. उंची म्हणजे समोरच्या कोपऱ्यापासून पायावर टाकलेला लंब. तो लंब वावराच्या मधून जातो. मध्ये तूर उभी आहे, ऊस आहे, विहीर आहे, बाभळीचं बेट आहे. टेप न्यायचा कुठून? शिवाय लंब म्हणजे काटकोन, आणि मोकळ्या रानात नजरेने धरलेला काटकोन सहसा काटकोन नसतो. बांध मात्र मोकळे असतात, त्यावरून चालता येतं. तेव्हा बांधांवरूनच उंची काढता आली तर काम झालं. त्रिकोणमिती इथे कामाला येते.

एका कोपऱ्यात उभे राहा. तिथून दोन बांध निघतात, एक ८० मीटरचा आणि दुसरा ६० मीटरचा. ८० मीटरचा बांध पाया धरा. आता ६० च्या तिरक्या बांधावरून चालायला लागा. प्रत्येक मीटर चाललात की पायाच्या बांधापासून तुम्ही थोडे थोडे दूर जाता. किती दूर, हे दोन बांधांमधल्या कोनावर ठरतं. कोन ३० अंशांचा असेल तर एक मीटर चालून तुम्ही फक्त अर्धा मीटर दूर जाता. ६५ अंशांचा असेल तर सुमारे ९१ सेंटिमीटर. कोन ९० अंशांचा असेल तर चाललेला सगळा मीटर दूर जाण्यातच जातो. एका मीटरमागे दूर जाण्याचं हे जे प्रमाण, त्याचं नाव साइन. त्यात याहून गूढ काही नाही.

म्हणजे ६० मीटर चालून टोकाला पोहोचलात की पायापासूनचं अंतर झालं ६० गुणिले साइन ६५. हीच उंची. वावरात पाऊल न टाकता ती मिळाली. आता पाया गुणिले उंची भागिले दोन:

क्षेत्रफळ = १/२ × एक बांध × दुसरा बांध × त्यांच्यामधल्या कोनाचा साइन

साइन ६५ म्हणजे ०.९०६३. अर्धा गुणिले ८० गुणिले ६० म्हणजे २,४००. त्याला ०.९०६३ ने गुणलं की २,१७५ चौरस मीटर. म्हणजे २१.७५ आर, साडेएकवीस गुंठे.

आता तेच दोन बांध ठेवून कोन बदलून बघा. अडकित्त्याचे दांडे तेवढेच राहतात, पण ते किती उघडले त्यावर मधली मोकळी जागा ठरते, तसंच इथे होतं. कोन ४० अंश असेल तर १५.४३ आर. ९० अंश असेल तर पूर्ण २४ आर, आणि या दोन बांधांतून याहून जास्त जमीन निघूच शकत नाही. ९० च्या पुढे उघडत गेलात तर जमीन पुन्हा कमी व्हायला लागते. ११५ अंशांना ती परत २१.७५ आर होते, जेवढी ६५ अंशांना होती तेवढीच.

इथे मुलं अडतात, आणि त्यांचं अडणं बरोबर आहे. कोन ९० पेक्षा मोठा झाला की लंब पायावर पडतच नाही, तो पायाच्या बाहेर, पाया मागे वाढवला तर त्या रेषेवर पडतो. पण लंबाची लांबी काढताना आपण बाहेरचा कोन वापरतो, तो १८० वजा ११५ म्हणजे ६५. म्हणून साइन ११५ आणि साइन ६५ एकच. त्रिकोण मात्र वेगळे आहेत. ६५ अंशांच्या वावराचा तिसरा बांध ७७ मीटरचा निघतो, ११५ अंशांच्या वावराचा तब्बल ११८.५ मीटरचा. जमीन सारखीच, पण दुसऱ्याला तारेचं कुंपण ४१ मीटर जास्त लागेल. कुंपणाच्या लांबीवरून जमिनीचा अंदाज बांधणारे इथे फसतात.

टेप आणि तीन खुंट्या

बांध टेपने मोजता येतो, कोन कशाने मोजायचा? मोबाइलमधल्या होकायंत्रावर भरवसा ठेवू नका. लोखंडी खांब, मोटारीचं स्टार्टर, खिशातली किल्ली, यातलं काहीही जवळ असलं की त्याचा काटा सरकतो. टेपनेच कोन काढण्याची एक पद्धत आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते.

हद्दीच्या दगडाशी एक खुंटी ठोका. तिथून एका बांधाच्या रेषेत बरोबर १० मीटरवर दुसरी खुंटी, दुसऱ्या बांधाच्या रेषेत बरोबर १० मीटरवर तिसरी. रेषा नजरेने न धरता बांधाच्या पार टोकाला माणूस उभा करून त्याच्याकडे बघत खुंटी लावा. जवळच्या जवळ बघितलं की बांधावरच्या एका गवताच्या ठोंब्यानेही रेष वाकडी होते. रान ज्वारीचं असेल तर धसकटांवर टेप उचलला जातो, तिथे धसकटं पायाने मोडून टेप ताणून धरा. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटीमधलं अंतर मोजा. आपल्या वावरात ते १०.७५ मीटर भरेल.

या आकड्यावरून कोन काढता येतो. अर्धं अंतर ५.३७५, भागिले १०, म्हणजे ०.५३७५. हा अर्ध्या कोनाचा साइन. कॅल्क्युलेटरवर उलटा साइन काढला की साडेबत्तीस अंश येतात, त्याची दुप्पट ६५.

पण खरं सांगायचं तर कोन काढायचीही गरज नाही. तीन खुंट्यांचा तो छोटा त्रिकोण बघा. त्याच्या दोन बाजू १०-१० मीटर, तिसरी १०.७५. त्याची उंची पायथागोरसने निघते: १०० वजा ५.३७५ चा वर्ग, म्हणजे ७१.११, त्याचं वर्गमूळ ८.४३३. क्षेत्रफळ ५.३७५ गुणिले ८.४३३, म्हणजे ४५.३३ चौरस मीटर. हा छोटा त्रिकोण आणि अख्खं वावर, दोघांचा कोपरा एकच, म्हणून दोघांचा साइनही एकच. क्षेत्रफळं फक्त बांधांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतात. छोट्याचा गुणाकार १० × १० = १००. वावराचा ८० × ६० = ४,८००. म्हणजे वावर छोट्या त्रिकोणाच्या ४८ पट. ४५.३३ गुणिले ४८ म्हणजे २,१७६. साइनचं कोष्टक न बघता उत्तर एका चौरस मीटरच्या फरकाने जुळलं.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर आधी साइन ३० काढून बघा. उत्तर ०.५ यायलाच पाहिजे. आर्यभटाच्या कोष्टकातही ३० अंशांची ‘ज्या’ (त्रिज्येच्या मापात लिहिलेला साइनच) १,७१९ आहे, त्याने धरलेल्या ३,४३८ त्रिज्येच्या बरोबर अर्धी. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापावर असेल तर साइन ३० उणे येतो आणि चूक लगेच दिसते. साइन ६५ ला मात्र ती दिसत नाही, कारण रेडियनवर त्याचं उत्तर ०.८२७ येतं आणि ते खरंच वाटतं. त्या आकड्याने आपलं वावर १,९८४ चौरस मीटर भरेल. पावणेदोन गुंठ्यांहून जास्त जमीन एका बटणामुळे गायब.

कोणत्या कोपऱ्यात कोन मोजायचा हेही विचार करून ठरवा. त्रिकोणाला तीन कोपरे आहेत आणि सूत्र तिन्हीकडे चालतं, पण चुकीचा फटका तिन्हीकडे सारखा बसत नाही. काटकोनाजवळच्या कोपऱ्यात एक अंश चुकलात तरी काही बिघडत नाही. ९० च्या जागी ८९ धरलं तर २,४०० चे २,३९९.६ होतात. ३० अंशांच्या चिंचोळ्या कोपऱ्यात तीच एक अंशाची चूक क्षेत्रफळात तीन टक्क्यांची होते. म्हणून काटकोनाच्या सगळ्यात जवळचा कोपरा निवडा. रस्त्याच्या कडेला उरलेली लांबच लांब पट्टी असेल, जिचे दोन कोपरे अगदी टोकदार आणि तिसरा जवळजवळ सपाट आहे, तर तिथे साइनच्या नादी लागू नका. तिची उंची मुळातच थोडी असते, ती सरळ टेपने मोजा.

बालाघाटाच्या डोंगराळ भागात, बीड-धाराशिवकडच्या उतारावर, आणखी एक सांभाळायचं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हे आडव्या पातळीवर धरलेलं असतं, उतारावरून घसरत मोजलेलं नसतं. दहा अंशांच्या उतारावर ८० मीटर टेप लावलात तर नकाशावर ते ७८.८ मीटरच आहेत. टेप थोड्या थोड्या अंतराने, आडवा धरूनच मोजा.

तीनही बांध मोजता येत असतील तर कोनाशिवायही भागतं. तिन्हींची बेरीज करून निम्मी करा, त्या निमपटातून एकेक बांध वजा करा, निमपट आणि तीन वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. हे हेरॉनचं सूत्र. चौकोनी वावराचा एक कर्ण मोजून दोन्ही त्रिकोणांना ते लावलं की भास्कराचार्यांच्या तक्रारीचं निवारण होतं.

एका जागी उभं राहून अख्खं वावर

साइनच्या सूत्राची खरी ताकद मात्र वेगळीकडे दिसते. वावराच्या मधोमध अशी जागा शोधा जिथून सगळे कोपरे दिसतात. तिथून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर मोजा आणि शेजारशेजारच्या कोपऱ्यांमधले कोन मोजा. समजा अंतरं ४०, ५०, ४५ आणि ५५ मीटर आहेत, आणि कोन क्रमाने ८५, ९५, ८० आणि १०० अंश. कोनांची बेरीज ३६० आली पाहिजे, इथे येते. म्हणजे कोन मोजण्यात ढोबळ चूक नाही, ही खात्री फुकटात मिळाली.

आता चार त्रिकोण. पहिला, ४० आणि ५० चा, ९९६ चौरस मीटर. दुसरा १,१२१, तिसरा १,२१९, चौथा १,०८३. एकूण ४,४१९ चौरस मीटर, म्हणजे ४४.१९ आर. गुंठ्यांत पावणेचव्वेचाळीसच्या जवळ, म्हणजे एक एकर पावणेचार गुंठे. एकाही बांधावर पाऊल टाकलेलं नाही. भूमि अभिलेख कार्यालयाचे भूकरमापक तिपाईवर टोटल स्टेशन ठेवून समोर धरलेल्या काठीवरच्या काचेवर रोखतात, तेव्हा ते यंत्र नेमकं हेच करत असतं: अंतर आणि कोन, अंतर आणि कोन. बाकीचं गुणाकाराचं काम आतल्या आत होतं. म्हणून मोजणीच्या वेळी यंत्राकडे बघत बसण्यापेक्षा काठी बरोबर हद्दीच्या दगडावर धरली आहे का तिकडे लक्ष द्या. यंत्र कोनात सहसा चुकत नाही, पण काठी अर्धा मीटर आत धरली तर तो अर्धा मीटर नकाशावर उतरतो.

एकच बांध मोजता येतो, समोरचा कोपरा नदीपलीकडे आहे, अशीही वेळ येते. तेव्हा त्या बांधाच्या दोन्ही टोकांवरून पलीकडचा कोपरा बघून दोन कोन मोजायचे. बांध ५० मीटरचा आणि कोन ७० व ६० अंश असतील तर तिसरा कोन आपोआप ५०. क्षेत्रफळ म्हणजे ५० चा वर्ग, गुणिले साइन ७०, गुणिले साइन ६०, आणि याला भागिले साइन ५० ची दुप्पट. उत्तर १,३२८ चौरस मीटर. एक रेषा नीट मोजायची आणि पुढे फक्त कोन मोजत जायचं, या युक्तीवर १८०२ मध्ये मद्रासपासून विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्यातली एक पायाची रेषा १८१५ मध्ये बीदरजवळ मोजली गेली, म्हणजे उदगीर-देगलूरच्या शेजारीच. तेव्हा बीदर आणि आजचा मराठवाडा दोन्ही निजामाच्या राज्यात होते. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, पण त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत राहिली.

दोन भावांची वाटणी

आपल्या ८० आणि ६० च्या वावराकडे परत येऊ. त्याच्या कोपऱ्यात विहीर आहे. धाकटा म्हणतो, “दादा, विहिरीला वाट मला पण पाहिजे.” मग धुरा विहिरीच्या कोपऱ्यातूनच निघाला पाहिजे. तो समोरच्या ७७ मीटरच्या बांधावर कुठे टेकवायचा? बरोबर मध्यावर, साडेअडतीस मीटरला. एका भावाचा तुकडा जाड दिसेल, दुसऱ्याचा लांबट, आणि मनात शंका येईल. पण धुरा जिथे टेकतो तिथे बघा. दोन्ही बाजूंचे कोन मिळून १८० अंश आहेत, म्हणून त्यांचे साइन सारखेच. धुरा दोघांचा एकच, पायाचा बांध दोघांना सारखा, तेव्हा जमीनही सारखीच. वाटे तीन असतील तर तोच बांध तीन सारख्या भागांत तोडायचा.

विहीर नसेल, आणि एकाला कोपरा व दुसऱ्याला रस्त्याकडची बाजू हवी असेल, तर धुरा आडवा जाईल. इथे कोन लागतच नाही. अख्ख्या वावराचा गुणाकार ४,८००, त्याचं निम्मं २,४००. कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर अशी दोन अंतरं निवडा ज्यांचा गुणाकार २,४०० येतो: ८० आणि ३०, ४८ आणि ५०, किंवा ६० आणि ४०. कोपऱ्याचा साइन दोन्हीकडे तोच असल्यामुळे हिशोबातून तो निघून जातो. कागदोपत्री वाटणीला तुकडेबंदीचा कायदा आणि सरकारी मोजणी आहेच. आपसात ठरवताना ८० च्या बांधावर ६० मीटरला एक खुंटी, ६० च्या बांधावर ४० मीटरला दुसरी, मध्ये ताणलेली सुतळी, आणि दोघांच्या वाट्याला १०.८८ आर.